नावाचा सौदा

माझे अब्बा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि हळदीचे सौदे बघत उभा राहायचो. जुने लोक सांगत, पूर्वी भाव तोंडानं बोलत नसत. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली हात धरत आणि बोटांच्या दाबावर भाव ठरे. मला मात्र सौद्यापेक्षा अब्बांची एक सवय जास्त आठवते. काटा धरण्याआधी ते पोत्यावर रंगवलेलं शेतकऱ्याचं नाव मोठ्यानं वाचत. कुणी हसलं तर म्हणत, "माल कुणाचा ते आधी कळू दे, भाव काय मग निघतोच."

आज मला ज्या सौद्याबद्दल बोलायचं आहे, तिथं पोतं नाही, काटा नाही, हळदही नाही. विकलं जातं ते फक्त पोत्यावरचं नाव. इंटरनेटवरच्या संकेतस्थळाचा जो पत्ता असतो, ज्याला डोमेन म्हणतात, त्याची मुदत संपली की त्या नावाचा लिलाव होतो. रोज होतो. कवितेशिवाय दुसरं काही न कळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे कळायचं कारण काय? तर अशा एका लिलावात आमचं एक नाव गेलं.

त्याचं असं झालं. २००८ साली आम्ही कविता लिहिणारे दहाबारा जण मिळून एक अनियतकालिक काढत होतो. कागद महाग, छपाई महाग, आणि वर्गणीदार आमच्याइतकेच फाटके. तेव्हा माझा एक मित्र, माध्यमिक शाळेत शिक्षक होता, तो म्हणाला, "आपण इंटरनेटवर जाऊ. तिथं कागद लागत नाही." त्यानं नाव नोंदवलं. स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर. पुढं तेरा वर्षं तोच पैसे भरत राहिला. किती भरतोस, कुठं भरतोस, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. संकेतस्थळावर कविता साठत गेल्या. मुलाखती आल्या, गावोगावच्या नव्या पोरापोरींचं पहिलं छापलेलं अक्षर तिथं आलं. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो गेला.

दोन वर्षांनी कोल्हापूरला पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. जरा संकोचून म्हणाली, "सर, तुमच्या संकेतस्थळावर रमीचा जुगार कसा काय?" मी पत्ता टाकून पाहिला. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच. खाली पत्ते पिसणारे हात आणि 'आत्ता खेळा'चं बटण. माझ्या मित्राच्या कवितेच्या जागी.

मला वाटलं, कुणीतरी चोरी केली. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या भाच्याला फोन लावला. त्यानं पाच मिनिटांत शोधून सांगितलं, "मामू, कुणी फोडलं नाही, चोरलं नाही. मुदत संपली होती. लिलावात गेलं."

"पण नाव आपलं होतं ना?"

"नाव कधीच कुणाचं नसतं, मामू. भाड्यानं असतं."

मी एका पतसंस्थेत आयुष्यभर कारकुनी केली. थकबाकी, जप्ती, लिलाव हे शब्द माझ्या रोजच्या टेबलावरचे. तरी हे वाक्य काही पचेना. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. तेव्हा ठरवलं की ही भाड्याची चाळ कुणी बांधली, कधी बांधली आणि तिथं लिलाव कधी सुरू झाला, हे आपण वाचून काढायचं. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो.

इंटरनेटच्या बाल्यावस्थेत, म्हणजे त्याला अर्पानेट म्हणत त्या काळात, जोडलेल्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंचा गट ती यादी सांभाळत असे. आपल्या यंत्राचं नाव घालायचं तर त्यांच्या कचेरीला कळवायचं. त्या नोंदवून घेत. पैसे नाहीत. गावच्या तलाठ्याकडं असावं तसं ते एकच बाड होतं. यंत्रं वाढली तसं बाड पुरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञानं जॉन पोस्टेल यांच्याबरोबर नावांची एक नवी रचना मांडली. एकाच यादीऐवजी फांद्या असलेलं झाड. त्या झाडाची एक फांदी म्हणजे डॉट कॉम. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीनं पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं. त्या अख्ख्या वर्षात डॉट कॉमची नावं नोंदली गेली ती फक्त ६.

हे पोस्टेल म्हणजे मोठी दाढीवाले, सँडल घालून हिंडणारे गृहस्थ. १९९४ साली त्यांनी या नावांच्या व्यवस्थेबद्दल एक टिपण लिहिलं. एकेका मोठ्या फांदीचा कारभार ज्यांच्याकडं आहे त्यांनी कसं वागावं, हे त्यात आहे. त्याचा मथितार्थ असा की इथं हक्क आणि मालकीची भाषा अप्रस्तुत आहे. जबाबदारी आणि समाजाची सेवा यांचा विचार करावा. ते वाचून मला बरं वाटलं. पण त्यानंतर दीडच वर्षात भाडं सुरू झालं.

तोवर नावनोंदणी फुकट होती. खर्च अमेरिकी सरकारची नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संस्था सोसत असे आणि काम नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडं होतं. मागणी इतकी वाढली की १४ सप्टेंबर १९९५पासून २ वर्षांसाठी १०० डॉलर आकारायला सुरुवात झाली. भाडं आलं त्या दिवशी थकबाकीदारही जन्माला आला. नाव फुकट होतं तोवर ते परत जाण्याचा प्रश्न नव्हता. आता पैसे न भरलेली नावं परत येऊ लागली.

थकबाकीदार म्हटलं की आपल्यासमोर आमच्यासारखी फाटकी माणसं येतात. पण या इतिहासातला सगळ्यात गाजलेला थकबाकीदार कोण, माहीत आहे? मायक्रोसॉफ्ट. हॉटमेल तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडच्या सबीर भाटिया यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९९६ साली सुरू केलेली आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलेली ती मोफत टपालसेवा. तिच्यात शिरायचं दार पासपोर्ट डॉट कॉम या नावावर होतं. १९९९च्या नाताळात त्या नावाचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले आणि कित्येकांना आपली पत्रं उघडता येईनात. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरनं, ज्याचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता, स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ते ३५ डॉलर भरून टाकले आणि दार उघडलं. कंपनीनं त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला. भल्या माणसाच्या हाती लागलं म्हणून निभावलं.

पण तोवर नावांच्या बाजारात नवी मंडळी आली होती. १९९८ साली या सगळ्या व्यवस्थेवर देखरेखीसाठी आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. १९९९मध्ये नेटवर्क सोल्युशन्सची मक्तेदारी मोडून इतर कंपन्यांनाही नावं विकायची परवानगी मिळाली. बाजारच्या भाषेत सांगतो. रजिस्ट्री म्हणजे घाऊक व्यापारी, तो एकेका फांदीला एकच. डॉट कॉमची रजिस्ट्री आज व्हेरिसाइन ही कंपनी चालवते. रजिस्ट्रार म्हणजे किरकोळ दुकानदार, ते शेकड्यांनी. तुम्ही-आम्ही नाव घेतो ते या दुकानदाराकडून.

२०००-०१च्या सुमारास डॉट कॉमचा फुगा फुटला. कंपन्या बुडाल्या, त्यांची नावं बेवारस झाली. नियम असा की नाव रजिस्ट्रीतून पुसलं गेलं की पुढच्या क्षणी जो पहिला मागेल त्याचं. आता हा पहिला क्षण पकडायचा कसा? माणसाच्या बोटाला ते शक्य नाही. तेव्हा २००० साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये स्नॅपनेम्स नावाची कंपनी निघाली. तिची यंत्रं रजिस्ट्रीला सेकंदागणिक असंख्य वेळा एकच प्रश्न विचारत: मोकळं झालं का? झालं का? तिच्यामागून इतरही आले. २००१ साली या विचारण्याचा भार इतका झाला की रजिस्ट्रीचं रोजचं काम अडू लागलं. तेव्हा व्हेरिसाइननं प्रत्येक रजिस्ट्रारला ठरावीक दारं नेमून दिली. सर्वांना सारखी.

सर्वांना सारखी म्हटल्यावर माणसानं काय करावं? रेशनच्या दुकानात एका कार्डावर एकच पिशवी मिळते म्हटल्यावर काही लोक चार कार्डं काढतात. इथंही तेच झालं. आयकॅनचा रजिस्ट्रारचा परवाना वर्षाला ४,००० डॉलर भरून मिळतो. एकेका कंपनीनं नावापुरत्या डझनांनी, मग शेकड्यांनी कंपन्या काढल्या. त्यांना ना दुकान, ना गिऱ्हाईक. त्यांचं काम एकच, सुटलेलं नाव झेलण्यासाठी दारात उभं राहणं. या धंद्यातल्या ड्रॉपकॅच या कंपनीनं तर परवान्यांची संख्या हजाराच्या वर नेली. डॉट कॉमची नावं पुसायला सुरुवात होते ती अमेरिकेत दुपारी, म्हणजे आपल्याकडं मध्यरात्रीच्या आसपास. आपण झोपलेले असतो आणि ही यंत्रं हात पसरून उभी असतात. एखादं नाव एकापेक्षा जास्त गिऱ्हाइकांनी मागून ठेवलेलं असेल तर झेलल्यावर त्यांच्यात लिलाव लागतो.

इथवर निदान एक गोष्ट बरी होती. नाव आधी खरोखर मोकळं होत होतं. मूळ भाडेकरूला संधी मिळावी म्हणून २००३च्या आरंभी एक सुधारणाही झाली. पुसलं जाण्याआधी ३० दिवस नाव बाजूला काढून ठेवायचं, दंड भरला तर परत द्यायचं. त्यानंतर ५ दिवस कुलूपबंद, आणि मग मोकळं.

पण दुकानदारांच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि माझ्या मते साऱ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच आहे. मुदत संपते त्या दिवशी रजिस्ट्री त्या नावाला आपोआप एक वर्ष वाढवून देते आणि पैसे दुकानदाराच्या खात्यातून कापून घेते. दुकानदारानं ४५ दिवसांच्या आत नाव पुसून टाकलं तर ते पैसे त्याला परत मिळतात. ही सवलत ठेवली होती ती उशिरा पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. दुकानदार म्हणाला, हे ४५ दिवस नाव माझ्याच हातात आहे. मग मी ते पुसून टाकू कशाला? पुसलं तर दुसरा कुणी झेलणार आणि दुसरा कमावणार. त्यापेक्षा याच दिवसांत मीच लिलाव लावतो. घेणारा मिळाला तर नाव न पुसता त्याच्या नावावर चढवतो. नाही मिळाला तर पुसतो, माझे पैसे परत.

एकदा हे सुचल्यावर नोंदणी करताना आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणतो त्या करारात तशी कलमं येऊन बसली. मुदतीनंतर नाव दुसऱ्याला देण्याचा अधिकार रजिस्ट्रारला राहील. गोडॅडीसारख्या सगळ्यात मोठ्या दुकानदारानं स्वतःचा लिलावबाजार उघडला. २००७ साली इनॉम आणि नेटवर्क सोल्युशन्स यांनी मिळून नेमजेट नावाचा बाजार काढला. म्हणजे नाव आभाळातून खाली पडायच्या आधीच घरातल्या घरात उचललं जाऊ लागलं. लिलाव चालू असताना मूळ माणूस जागा झाला आणि दिलेल्या दिवसात त्यानं पैसे भरले, तर नाव त्याला मिळतं आणि बोली लावणाऱ्याला त्याचे पैसे परत. पण तो जागा व्हायला हवा.

सौदा म्हटला की खोटी बोली आलीच. आमच्या यार्डातही भाव चढवायला आपलाच माणूस उभा करणारे लोक होते. अब्बांना ते चेहऱ्यावरून ओळखू येत. इथं चेहरा नाही. २००९च्या नोव्हेंबरमध्ये स्नॅपनेम्सनं जाहीर कबुली दिली की आपलाच एक वरिष्ठ कर्मचारी 'हॅल्व्हारेझ' या टोपणनावानं २००५पासून गिऱ्हाइकांविरुद्ध बोल्या लावत होता. कंपनीनं फरकाचे पैसे व्याजासह परत देऊ केले. चार वर्षं लोक ज्या प्रतिस्पर्ध्याला हरवायला धडपडत होते, तो गल्ल्यामागं बसलेला होता.

आता तुम्ही विचाराल, आणि मीही भाच्याला हेच विचारलं होतं, आमच्या कवितेच्या संकेतस्थळाचं नाव घेऊन कुणाला काय मिळणार? तो म्हणाला, "मामू, तुम्ही पतसंस्थेत होतात. पत म्हणजे काय ते तुम्हीच सांगा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेरा वर्षांत आमच्या पत्त्याचा उल्लेख वर्तमानपत्रांच्या, महाविद्यालयांच्या, इतर मासिकांच्या पानांवर झाला होता. गुगलसारखी शोधयंत्रं अशा उल्लेखांवरून ठरवतात की हा पत्ता भरवशाचा आहे. कविता निघून गेल्या तरी तो भरवसा नावाला काही काळ चिकटून राहतो. लिलावात विकली गेली ती ही पत. आधीच्या काळात लोक अशी नावं घेऊन त्यावर नुसत्या जाहिराती लावून ठेवत. चुकून येणाऱ्या माणसाच्या एकेका टिचकीवर पैसे. या धंद्यात आपली मुंबईही मागं नव्हती. १९९८ साली तुरखिया बंधूंनी मुंबईत सुरू केलेली डायरेक्टी ही कंपनी जगातल्या मोठ्या रजिस्ट्रारांपैकी एक झाली आणि नावांवर जाहिराती लावण्याची तिची स्वतंत्र शाखाही होती. पुढं जाहिरातींपेक्षा पतीला भाव आला. २०२४च्या मार्चमध्ये गुगलनं मुदत संपलेल्या नावांचा असा गैरवापर आपल्या नियमांत थेट निषिद्ध ठरवला. एवढ्या मोठ्या कंपनीला नियम करावा लागला, यावरून प्रकार किती फोफावला असेल ते समजा.

'द हेअरपिन' नावाचं अमेरिकेतलं एक संकेतस्थळ होतं. बायकांनी चालवलेलं, चांगलं लिहिणाऱ्या कितीतरी लेखिका तिथून पुढं आल्या. २०१८ साली ते बंद पडलं. पुढं नावाची मुदत संपली, कुणीतरी ते उचललं आणि यंत्रानं लिहिलेल्या लेखांनी भरून टाकलं. २०२४च्या सुरुवातीला ही बातमी मी वाचली तेव्हा त्या कोण कुठल्या अमेरिकी बायका मला अगदी शेजारच्या वाटल्या.

पण पतीपेक्षाही गंभीर प्रकार आहेत. नाव गेलं की त्या नावावरचं टपालही जातं. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका सुरक्षातज्ज्ञानं वकिलांच्या फर्मनी सोडून दिलेली नावं मुद्दाम विकत घेऊन पाहिली. अशिलांची गोपनीय पत्रं त्याच्याकडं येऊ लागली. त्यानं ते जगाला सावध करण्यासाठी केलं. दुसऱ्या कुणी कशासाठी केलं असतं? अमेरिकेत २०१६च्या जूनमध्ये सोरेन्सन या कंपनीचं नाव नूतनीकरणावाचून राहिलं. ही कंपनी बहिऱ्या लोकांसाठी व्हिडिओवरून खुणांच्या भाषेची दूरध्वनीसेवा चालवते. सेवा बंद पडली आणि बहिऱ्या माणसांना त्या काळात तिच्यावरून पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांना बोलावता येईना. ते प्रकरण मिटवायला कंपनीला सुमारे ३० लाख डॉलर मोजावे लागले. एक नाव, एक तारीख, आणि एखाद्याच्या घरी रुग्णवाहिका न येणं, यांच्यात किती थोडं अंतर आहे पाहा.

मग नाव नेमकं कुणाचं? न्यायालयांनाही हा प्रश्न पडला. २००० साली व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं, उम्ब्रो या खेळाच्या कपड्यांच्या कंपनीच्या खटल्यात म्हटलं की डोमेन नाव हे सेवेच्या कराराचं फळ आहे. देणेकऱ्याची वस्तू म्हणून ते रजिस्ट्रारकडून जप्त करता येणार नाही. तीनच वर्षांनी, २००३ साली, कॅलिफोर्नियातल्या एका चोरीला गेलेल्या नावाच्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयानं सांगितलं की नाव ही मालमत्ताच आहे. एका दारात भाडेकरू, दुसऱ्या दारात मालक. आपल्याकडं मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ साली रेडिफच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेणाऱ्यांना रोखलं. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं म्हटलं. चांगली गोष्ट आहे. पण व्यापारचिन्हाचं संरक्षण व्यापार असलेल्याला. आमच्या अनियतकालिकाचा तोट्याखेरीज दुसरा व्यापार कुठला?

मला पतसंस्थेतला माणूस म्हणून एक हिशेब खटकतो, तो सांगतो. सोनं तारण ठेवून कर्ज घेतलेला माणूस थकला तर आम्ही सोन्याचा लिलाव करतो. त्याला आधी नोटीस देतो. लिलावात कर्ज आणि खर्च फिटून वर पैसे उरले, तर ते कर्जदाराचे. १८७२च्या करार कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. मार्केट यार्डातही खर्च वजा जाता उरलेल्या पैशांची पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. नावाच्या लिलावात मात्र थकलेलं भाडं असतं काहीशे रुपयांचं, नाव जातं हजारांना, कधी लाखांना. आणि वरचा सगळा पैसा सर्वसाधारणपणे दुकानदाराचा. ज्यानं तेरा वर्षं नांगरलं त्याची पट्टी कोरी.

यावर रजिस्ट्रार म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, की तारण काही ठेवलेलंच नव्हतं. भाडं संपलं, खोली रिकामी झाली, आम्ही दुसऱ्याला दिली. रिकामी नावं कायम अडवून ठेवली तर नव्या माणसांनी काय करायचं? खरं आहे. जगात चांगली नावं मोजकी असतात आणि ती फिरती राहिली पाहिजेत. पण खोली रिकामी करताना आपण निदान आतल्या माणसाचं सामान बाहेर काढून ठेवतो. त्याची पाटी दारावर तशीच ठेवून आत जुगाराचा अड्डा चालवायला देत नाही.

आता शेवटची गोष्ट, जी सांगायला मला अवघड जाते. मी आधी रजिस्ट्रारवर फार चिडलो होतो. म्हटलं, यांनी कळवायला नको? मग मी नियम वाचला. आयकॅनचा हा नियम ऑगस्ट २०१३पासून लागू आहे. मुदतीच्या साधारण एक महिना आधी एक सूचना, एक आठवडा आधी दुसरी, आणि नूतनीकरण झालं नाही तर मुदत संपल्यावर ५ दिवसांत तिसरी. माझ्या मित्राच्या बायकोनं पुढं त्याची ईमेल कशीबशी उघडली. तिन्ही पत्रं तिथं होती. वेळच्या वेळी आलेली, न वाचलेली. नियम पाळला गेला होता. फक्त पत्र ज्याच्या नावे होतं तो कब्रस्तानात होता.

त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे. मूळ माणसाला नाव परत घेता येतं त्या काळातले निदान शेवटचे ८ दिवस संकेतस्थळ नेहमीसारखं उघडू द्यायचं नाही. हेतू असा की पत्र नाही वाचलं तरी संकेतस्थळ बंद दिसलं की कुणाच्या तरी लक्षात येईल, कुणीतरी हाक मारेल. म्हणजे आमच्या कवितांच्या घरात दिवा विझवून आठ दिवस वाट पाहिली गेली. आम्ही दहाबारा जण. सगळे जिवंत, सगळे कवी, सगळ्यांच्या खिशात फोन. आठ दिवसांत एकानंही तिकडं डोकावलं नाही. मित्राच्या शोकसभेत मी त्याच्यावर चांगला वीस मिनिटं बोललो होतो.

त्यामुळं आता मी चोरी झाली असं म्हणत नाही.

पुढं काय केलं? सॅन फ्रान्सिस्कोतलं इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६पासून जगातल्या संकेतस्थळांच्या प्रती जमवते. भाच्यानं तिथं शोधलं तेव्हा आमची बरीच पानं सापडली. काही अर्धीमुर्धी, काहींत चित्रांच्या जागी मोकळे चौकोन. राहिलेल्या कविता मित्राच्या वह्यांतून त्याची मुलगी टाइप करते आहे. आम्ही नवं नाव घेतलं. ते संस्थेच्या ईमेलवर आहे आणि तिचा पासवर्ड तिघांकडं आहे. तिघांतली एक जण पंचवीस वर्षांची आहे, हे मुद्दाम. नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. वर्गणी काढून आम्ही दहाही वर्षांचे पैसे भरले. पुढची तारीख माझ्या कॅलेंडरवर नाही, तिच्या कॅलेंडरवर आहे.

जुन्या पत्त्यावर अजून रमीच चालू आहे. कधीकधी रात्री मी तो उघडतो आणि बंद करतो.

वाचकहो, तुमच्या गावच्या वाचनालयाचं, शाळेचं, मंडळाचं, एखाद्या दिवाळी अंकाचं संकेतस्थळ असेल. कुणीतरी एक हौशी माणूस ते सांभाळत असेल. तो माणूस पैसे कुठून भरतो, आणि नाव कुणाच्या ईमेलवर आहे, एवढं त्याला आज संध्याकाळी विचारून ठेवा. विचारताना चहा पाजा. मी पाजायचा राहिलो.

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)